अतिरिक्त

टेप छातीच्या उंचीवर लावायचा, असं नियमात आहे.
कोणाच्या छातीच्या, ते नाही.
मी मांडीपर्यंत रुतलेली,
म्हणजे माझी छाती तिवराच्या कमरेला,
आणि तिथे एक निवटी बसलेली,
जी मोजणीत धरत नाहीत.

घणसोलीची खाडी. ओहोटी सव्वाअकराला.
प्लॉट क्रमांक सात, चारी कोपऱ्यांना निळी दोरी.
दोरीबाहेरच्या झाडाकडे बघायचं नाही, साहेब म्हणतात,
सात प्लॉट झाले की उरलेली खाडी
संगणक आपली आपण मोजतो.

चांगुणाबाई मढवीचा हात खांद्यापर्यंत चिंबोरीच्या बिळात.
तशीच विचारते,
"काय मोजतंस गो?"
झाडातला कार्बन.
"खातान का इकतान?"
विकतात.
"मंग वास कसा नाय त्याला?"

मी सांगायला जाते.
ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एक इमारत आहे,
खिडक्या नसलेली, आत माणसं नाहीत,
नुसती यंत्रं आणि थंडी.
ती गार ठेवताना जेवढा धूर होतो
तेवढा ह्या झाडांनी गिळला, असा कागद
ती विकत घेणार.
"म्हंजी धूर तिचा, प्वाट आमच्या झाडाचं."
हो.
"आन् ढेकर कोनाचा?"

मार्गदर्शिका एकशे बारा पानांची आहे.

रकाना चौदा:
प्रकल्प नसता तर या झाडांचं काय झालं असतं?
याला अतिरिक्तता म्हणतात.
जे राहणारच होतं ते राखल्याचे पैसे नाहीत.
कोणीतरी तोडायला निघालेलं असावं लागतं.
"कोन तोडंल?" बाई माझ्यावरच चिडते,
"कोलंबी हिच्या मुलांत वाढते, होडी हिलाच बांधतो.
सासऱ्यानं हात लावू दिला नाय, त्याच्या बापानं नाय."
मी लिहिते: धोका नाही.
म्हणजे शून्य.
तीन पिढ्यांची राखण, नियमाप्रमाणे बरोबर शून्य.
आणि नाल्यापलीकडे ज्याने भरावाचे ट्रक आणून उभे केले,
मग विचार बदलला,
त्याच्या तिवरांना दर चढा.

चांगुणाबाई चिंबोरी बाहेर काढते,
नांग्या सुतळीने बांधते, दात लावून गाठ आवळते.
बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते,
"तर लिव.
चांगुणा कोयता घेऊन आलती.
आख्खी खाडी झोपवनार व्हती फाट्यांसाठी.
ही पोरगी आली म्हनून थांबली."

अहो, गुन्हा आहे तिवर तोडणं.

"तोडलं कुटं? थांबली ना."

पुरावा लागतो, मी म्हणते. फोटो. अक्षांश-रेखांशासकट.
मी हे टाळायला म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती आधीच उभी.
नाक्यावरच्या शहाळेवाल्याचा कोयता आणलेला,
दुपारच्या आत परत द्यायचा आहे, त्याचं गिऱ्हाईक खोळंबतं.
झाड क्रमांक दोनशे बाराशेजारी
पदर नीट करते,
चेहरा जमेल तितका दुष्ट करते.
पहिल्या फोटोत हसली.
दुसऱ्यातही.
तिसऱ्या वेळी कोयता उगारला
आणि डाव्या हाताने, नकळत,
खोडाला धरलं,
चिखलात पाय घसरू नये म्हणून.

तोच एक नीट आला आहे.
तो पाठवायचा की नाही
ते संध्याकाळपर्यंत ठरवायचं.
रकाना चौदा कोरा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही,
लाल अक्षरांत विचारत राहतो.

पाणी घोट्याशी आलं. मी निळी दोरी गुंडाळते.
तिने कोयता माझ्याकडे धरायला दिलाय,
तोवर ती जाळं बघून येते.
पात्याला नारळाच्या पाण्याचा वास आहे.
फोटोत वास येत नाही.